ओरिजनलचं वाळवण

"हे काही ओरिजनल नाही."

एवढं एक वाक्य मी त्या दिवशी चहाबरोबर गिळून टाकलं असतं, तर माझे आठ-नऊ हजार रुपये, सासऱ्यांच्या मनात माझ्याविषयी उरलासुरला होता तो आदर आणि अमरावतीच्या घरातलं पाणी शुद्ध करायचं मशीन, तिन्ही आज जागच्या जागी असती. पण मी बोललो. अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या जुन्या घरी, दिवाणावर लोळत मोबाइलवर मारियो खेळणाऱ्या भाच्याला बोललो.

त्यानं मान वर न करता विचारलं, "मंग ओरिजनल कोन्तं अस्ते मामा?"

"माळ्यावर आहे."

"आना ना मंग."

माळ्यावरून मी खाली आलो तेव्हा माझ्या डोक्यावर जाळी होती, कमरेत उसण होती आणि हातात तो खोका होता. पिवळट पडलेला टीव्ही गेम, दोन रिमोट, वायर कुरतडलेलं एक पिस्तूल आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार कॅसेटी. त्यातल्या एकीवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं. चौथीत असताना मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला होता. रोज दहा गेम खेळले तरी संपायला किती वर्षं लागतील याचा भागाकार मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर केला होता आणि आता मरेपर्यंत कंटाळा येणार नाही म्हणून निर्धास्त झालो होतो. प्रत्यक्षात गेम दहा-बाराच. बाकी सगळे तेच, फक्त कुठे तिसऱ्या पातळीपासून सुरू, कुठे जास्त जीव, कुठे नाव बदललेलं. एकाच पोराला शाळेत सात वेळा सात नावांनी दाखल करावं तसा प्रकार.

आता ओरिजनल या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझी सगळी ऐट त्या एका शब्दावर उभी होती. निन्टेंडो या जपानी कंपनीनं १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं. पुढे तैवानच्या कारखान्यांनी त्याच्या चिपांची हुबेहूब नक्कल केली, आणि ती नक्कल नव्वदच्या दशकात भारतात 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी घरोघर पोचली. निन्टेंडोचं अस्सल मशीन मी तरी अकोल्यात कुणाकडे पाहिलं नाही. सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसनं रीतसर भारतात आणला होता, पण त्याची किंमत होती १८ हजार. त्यात थोडे घातले की दारात स्कूटर उभी राहत होती, आणि आमच्या बाबांना स्कूटरच घेणं जमत नव्हतं. तेव्हा मी ज्याला छाती फुगवून ओरिजनल म्हणत होतो ते मुळात डुप्लिकेट होतं. हे मला माहीत होतं. पण भाच्याला माहीत नव्हतं, आणि मामाच्या पदाला थोडी सूट असतेच.

आईच्या खोलीत २१ इंची जुना डबा टीव्ही अजून चालू होता. जोडला. अडॅप्टर लावला. कॅसेटीत फुंकर मारली. (फुंकरीनं काही होत नाही. उलट तोंडाच्या वाफेनं आतले पत्रे गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं ती चालते. हे मी चाळिशीत वाचलं आणि लहानपणीचा एक देव गेला.) पडद्यावर मुंग्या आल्या, मग आडव्या पट्ट्या, मग मारियो. मी डोळे पुसले.

भाच्यानं दोन मिनिटं पाहिलं. "मामा, हा त तोच गेम हाय. आन् माह्या मोबाइलवर रंग चांगले हायत."

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "थांब. तुला असा मारियो दाखवतो, जो जगात कुणाकडे नसेल."

*

कल्पना साधी होती. जुन्या गेममध्ये फेरफार करणारी मंडळी जगभर आहेत. कुणी पातळ्या बदलतं, कुणी चित्रं, कुणी भाषा. ही मंडळी एकमेकांना अख्खा गेम देत नाहीत, फक्त फरक देतात. त्याची एक छोटीशी फाइल असते, तिची पहिली पाच अक्षरं 'पॅच' या इंग्रजी शब्दाची. पॅच म्हणजे ठिगळ. मला वाटलं, ठिगळं लावण्यात तर आपला हात कोण धरणार! मारियोचा वऱ्हाडी करायचा. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. मिशी बदलायची गरजच नव्हती. एवढ्याशा चौकटीत तोंड काढता येईना म्हणून मारियोचे जनक मियामोतो यांनी त्याला मिशी दिली आणि केस काढता येईनात म्हणून टोपी; या दोन्ही अडचणी आमच्याकडच्या कुठल्याही काकांना लागू पडतात. नाण्यांच्या जागी वरुड-मोर्शीची संत्री. खाल्ल्यावर मारियो उंच होतो त्या मशरूमच्या जागी अमरावतीचा गिला वडा. अंगावर येणाऱ्या त्या तपकिरी बुटक्याच्या जागी रोही, म्हणजे नीलगाय, कारण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला रोह्याहून मोठा शत्रू समजावून सांगावा लागत नाही. किल्ल्याच्या जागी गाविलगड. राजकुमारी दर किल्ल्यात नसतेच, ती पुढच्या किल्ल्यात असते असं सांगून आपल्याला वाटेला लावतात. इथं काहीच बदलायचं नव्हतं. साहेब मीटिंगला गेलेत, पलीकडच्या खिडकीवर विचारा, हे वऱ्हाडात भाषांतर न करताही कळतं.

आणि हे सगळं चालणार कुठं? त्याच मशीनवर. कॉम्प्युटरवर या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम फुकट मिळतात, तिथं आधी तपासून पाहा, असा सल्ला मला ऑफिसातल्या एका पोरानं दिला. मी त्याच्याकडे, तूप मागितल्यावर डालडा देणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. नकलेवर तपासणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पुढचे सगळे भोग या एका तत्त्वाचे आहेत.

कॅसेट घेऊन मी टीव्ही दुरुस्तीवाल्या भाऊंकडे गेलो. हे आमचे लहानपणापासूनचे. आता टीव्ही दुरुस्त करायला कुणी येत नाही, म्हणून ते मिक्सर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मी त्यांना बेत सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, हा त्रास तुमाले कवापासून हाय?"

मग त्यांनी कॅसेट उघडली. ही नुसत्या मारियोची कॅसेट होती, माझी सगळ्यात लाडकी. आत दोन लांबट चिपा, दोघींच्या पाठीवर कागदाचं स्टिकर. भाऊंनी नखानं एकीचं स्टिकर थोडं उचललं. खाली बांगडीच्या टिकलीएवढी काचेची गोल खिडकी होती.

"पाहून घ्या साहेब. हे कंपनीचं नाई. हे कोनीतरी घरीच बनोलं हाय."

ती ईप्रॉम जातीची चिप होती. तिच्यावर विजेनं लिहायचं आणि खिडकीतून अतिनील प्रकाश पाडून पुसायचं; पाटी-पेन्सिलीचाच प्रकार. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी शहरात, एका माणसानं हातानं ही चिप भरली होती, स्टिकर चिकटवलं होतं आणि ती फिरत फिरत अकोल्याला आली होती. मी चिपेतला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवून घेतला तर आणखी एक गंमत दिसली. पहिल्या पडद्यावर निन्टेंडोचं नाव आणि १९८५ साल असायला हवं, तिथं त्या भल्या माणसानं नुसती रिकामी जागा ठेवली होती. माझा ओरिजनल मारियो आधीच फेरफार केलेला होता. मी ज्या धंद्यात नव्यानं पडत होतो, त्यातला माझा गुरू त्याच कॅसेटीत तीस वर्षं बसून होता.

भाऊंनी त्या दोन चिपा हळूच काढल्या, त्यांच्या जागी सॉकेट बसवले. चिपा मी स्टिकर पुन्हा दाबून हळद-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवल्या. सॉकेटमुळे उंची वाढली आणि कॅसेटीचं झाकण बसेना. "उघडीच वापरा," भाऊ म्हणाले, "हवा लागंल."

*

अख्खा मारियो ४० केबीचा. ३२ केबीत गेमची सगळी अक्कल, ८ केबीत सगळी चित्रं. सकाळी उठल्या उठल्या तुम्हाला गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहून जे पाठवतात, ते याच्यापेक्षा मोठं असतं. ज्या मशीनवर तो चालतो त्याची कामाची मेमरी २ केबी. इतक्या तुटपुंज्या संसारात त्या जपानी लोकांनी आठ दुनिया वसवल्या. मला त्यात एक माणूस आणि एक रोही बदलायचा होता. त्याला तीन आठवडे लागले.

चित्रं आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या फरशांनी बनतात. एका फरशीत तीन रंग आणि चौथी मोकळी जागा. रोही काढला तर तो कुत्र्यासारखा दिसे, शिंगं दिली तर रागावलेल्या कुत्र्यासारखा. गिला वडा गोल असल्यानं जमला, पण त्यावरचं दही कुठल्याही रंगात चुन्यासारखं दिसायचं. झुडपांच्या जागी मी बोंडं फुटलेली पऱ्हाटी काढली, आणि ती इतकी छान जमली की बायकोला उठवून दाखवली. रात्रीचा दीड वाजला होता. ती म्हणाली, "कापूस आहे. झोपा."

मग अक्षरं. चिपेत आधी शून्य ते नऊ आकडे आणि लगेच पुढे इंग्रजी ए ते झेड, अशी रांग असते. मी एच्या जागी अ काढला, बीच्या जागी ब, एमच्या जागी म, असं करत सगळी रांग मराठी केली. आठ ठिपक्यांत शिरोरेषा बसवायची म्हणजे अक्षराला सातच ठिपके उरतात, पण रेषेला रेषा झकास जुळली. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं लटकली. गेम मराठी झाला असं मला वाटलं. यात काय चुकलंय ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

शेवटचा फेरफार अक्कल असलेल्या चिपेत. मूळ गेममध्ये तीन जीव मिळतात, एका ठिकाणचा एक आकडा बदलला की जास्त मिळतात. लहानपणी आम्ही जीव वाढवण्यासाठी काय काय केलं होतं! कॉन्ट्राच्या गेममध्ये वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबून ३० जीव घ्यायचा पाढा अख्ख्या जठारपेठेला येत होता. बे एके बे चुकणाऱ्यालासुद्धा. काझुहिसा हाशिमोतो या माणसानं १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाचा गेम तपासताना तो स्वतःलाच झेपेना म्हणून ही युक्ती आत ठेवली आणि ती काढायची राहून गेली. २०२० मध्ये ते वारले तेव्हा मी मनातल्या मनात दोन्ही अंगठे जोडले. तर आता जीव देणारा मीच होतो. एका जागी मोठ्यात मोठा आकडा २५५ मावतो. हात आखडता का घ्यायचा? मी २५५ लिहिले.

*

कोऱ्या चिपा महाग पडतात, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या वापरलेल्या चार मागवल्या. दोन मोठ्या, दोन छोट्या. एका चिपेत डोकावून पाहिलं तर आतल्या गिचमिडीत कागद संपल्याची इंग्रजी सूचना सापडली. कुठल्यातरी प्रिंटरचा आत्मा अजून आत अडकला होता. त्याला मुक्ती द्यायची म्हणजे चिप पुसायची. पुसायला अतिनील दिव्याचं यंत्र लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पण चिपेच्या माहितीपत्रकात एक वाक्य सापडलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. थेट उन्हात ठेवल्यास चिप साधारण एका आठवड्यात पुसली जाते, असं कंपनीच सांगत होती.

ऊन! वऱ्हाडातल्या माणसाला ऊन विकत घे म्हणणारे तुम्ही कोण?

२०२४ चा मे महिना होता. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला होता आणि प्रशासनानं उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मिरवणूक नाही, नुसतं ऊन. पाच माणसांनी जमायचं नाही असा त्या कलमाचा तेव्हाचा रूढ अर्थ. मी भर दुपारी गच्चीवर गेलो तेव्हा आम्ही बरोबर पाच होतो, मी आणि चार चिपा.

गच्चीवर आईचं वाळवण मांडलेलं होतं. धापोडे, कुरड्या, मूगवड्या. धोतराच्या एका कोपऱ्यात मी चिपा ठेवल्या.

"कायले रे बाबू हे झुरळं उनात टाकून रायला?"

"झुरळं नाहीत आई. चिपा आहेत. आठवडाभर ऊन द्यायचंय."

आईनं पुढे प्रश्न विचारला नाही. वाळवण या विषयात ती श्रद्धाळू आहे. कुणीही काहीही वाळत घातलं तरी त्यात तिला अर्थ दिसतो. मी अमरावतीला परतलो आणि तिनं आठ दिवस त्या चिपा सांभाळल्या. सकाळी मांडल्या, संध्याकाळी आत घेतल्या, खारीला काठी दाखवली, मधल्या दिवशी उलटून दुसऱ्या बाजूनंही वाळवल्या.

आठ दिवसांनी मी त्या घेऊन बसनं निघालो. शेजारचे गृहस्थ बराच वेळ माझ्या मांडीवरच्या डबीत पाहत होते. चिपेला २८ पाय असतात. बोरगाव मंजू मागे पडल्यावर त्यांना राहवलं नाही. "भाऊ, गोम पाळता काय?"

घरी येऊन तपासलं. प्रिंटरचा कागद अजून संपलेलाच होता. एक ठिपकासुद्धा हलला नव्हता. अकोल्याच्या मे महिन्याला जे जमलं नाही ते जगात कशाला जमणार, म्हणून मी ते माहितीपत्रक पुन्हा काढलं आणि त्या वाक्याच्या पुढचं वाक्य पहिल्यांदा वाचलं. ऊन लागून चिप चुकून पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावावं, असं तिथं लिहिलेलं होतं. चारही चिपांवर जुन्या दुकानदाराची स्टिकरं तशीच होती. भाऊंनी माझ्यासमोर नखानं स्टिकर उचलून खिडकी दाखवली होती, तरीही. मी ती काढली नव्हती, कारण त्यांवर नंबर होते आणि नंबर जपून ठेवावेत अशी आमच्या लेखा विभागाची शिकवण आहे.

*

आता सुट्टी संपली होती आणि अमरावतीच्या फ्लॅटला गच्ची नव्हती. एका रात्री पाणी प्यायला उठलो. ओट्यावरच्या मशीनमध्ये निळसर उजेड दिसला. पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा! चिप पुसायला ज्या जातीचा प्रकाश लागतो, अगदी त्याच जातीचा. इतके दिवस तो आमच्या भांड्यांच्या शेजारी जंतू मारण्यासारख्या फालतू कामात वाया जात होता.

रविवारी सकाळी बायको राजापेठेत भाजीला गेली आणि मी स्क्रू काढायला घेतले. हा प्रकाश डोळ्यांना फार वाईट, म्हणून मी पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेतला, त्यात दिव्याची नळी आणि स्टिकर काढलेल्या चार चिपा ठेवल्या, वर झाकण आणि झाकणावर दोन टॉवेल. वीस मिनिटं पुरतात असं वाचलं होतं, मी अर्धा तास ठेवलं. दार वाजलं तेव्हा पाच मिनिटं उरली होती.

ओट्यावर मशीनची आतडी पसरलेली, पोळ्यांच्या डब्यातून वायर बाहेर आलेली, आणि मी घड्याळाकडे बघत उभा. बायकोनं पिशवी खाली ठेवली.

"अहो, त्या डब्यात काय आहे?"

"काही नाही. पुसतोय."

त्यातला विनोद तिला अजून कळलेला नाही.

चिपा मात्र पुसल्या. प्रत्येक घरात एफएफ. एफएफ म्हणजे कोरं. मी नाचायचाच बाकी होतो. मशीन पुन्हा जोडलं तेव्हा दोन स्क्रू उरले, आणि त्यानंतर ते सारखं कोकलायला लागलं. दुरुस्तीचा माणूस येईपर्यंत आठ दिवस घरात उकळलेलं पाणी. त्याच आठवड्यात दर्यापूरहून सासरे आले. जूनमधलं अमरावती, पाऊस नाही, माणूस बसमधून उतरून घामाघूम आलेला, आणि मी पेल्यात वाफाळतं पाणी पुढे केलं. त्यांनी एक घोट घेतला.

"जावईबापू, पानी गरम हाय का माह्यावर राग हाय?"

तेव्हापासून मशीनला हात लावायची मला मनाई आहे. स्क्रू ड्रायव्हरचा संच कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे नाही.

*

अमरावती-अकोला रस्त्याच्या नावावर एक विक्रम लागला होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता, डांबरून काढली आणि गिनीज बुकात नोंद झाली. दिवाळीला त्याच रस्त्यानं जाताना मी हिशोब केला. पाच दिवसांत ७५ किलोमीटर. आणि मी ४० केबीला सहा महिने.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग ठेवला. भाचा, त्याचे चार मित्र, बहीण, मेहुणे, आई. जुन्या टीव्हीसमोर सतरंजी. मी छोटंसं भाषणही केलं. डबा टीव्हीच का लागतो ते सांगितलं: ते पिस्तूल गोळी मारत नाही, उजेड पाहतं. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तूल तो टिपतं. नव्या सपाट टीव्हीला चित्र उमटवायला जरा उशीर होतो, तेवढ्यात बदक सुटतं. पोरांना हे आवडलं. तिथं थांबलो असतो तर माझी लाज राहिली असती.

कॅसेट घातली, बटण दाबलं. पडदा करडा. वास आला. आईला वाटलं उदबत्ती पडली. मी चिपेला हात लावला आणि बोट तोंडात घातलं. चिपेच्या एका टोकाला खाच असते, ती सॉकेटच्या खाचेकडे करून बसवायची असते. मी मोठी चिप उलटी बसवली होती. ती गेली. सहा महिने ऊन, दिवा, सासरे, सगळं सोसून ती चार सेकंदांत गेली.

दुसरी मोठी चिप होती. हात थरथरत होते. खाचेला खाच लावून घातली आणि बटण दाबलं.

आलं! दुपट्टा बांधलेला भाऊ, समोर गिला वडा, मागे पऱ्हाटी. पोरं ओरडली. मग एक पोरगं म्हणालं, "मामा, आभाळात पऱ्हाटी कायले लावली?"

मी वर पाहिलं. आकाशात बोंडं फुटली होती. मारियोतले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, जागा वाचवायला फक्त रंग बदलून दोन ठिकाणी वापरलेलं. हे जगातल्या कुठल्याही मारियोवेड्याला झोपेतही माहीत असतं. पांढऱ्याशुभ्र कपाशीचं पीक आभाळभर तरंगत होतं आणि खाली जमिनीवरची कपाशी हिरवीगार, बोंडांसकट हिरवी.

"आन् हे वओरलड म्हंजे काय अस्ते?" भाच्यानं वाचलं. कारण मी अक्षरांची चित्रं बदलली होती, शब्द नव्हते. गेम आपल्या इंग्रजीतच लिहीत होता, माझ्या अक्षरांत. मारियोचं नाव 'मअरइओ' झालं होतं.

"जपानी आहे," मी म्हणालो.

खेळ सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यावर भाऊचं चित्र, गुणिले चिन्ह आणि पुढे उरलेले जीव. तिथं २५५ दिसायला हवे होते. तिथं शून्य होतं. खेळ सुरू झाला, पहिला रोही चालत आला, भाच्याला तो कुत्रा वाटला म्हणून त्यानं उडी मारली नाही, भाऊ गेला, आणि खेळ खलास. पुन्हा सुरू केलं. पुन्हा पहिल्याच रोह्याला खलास. मेहुणे म्हणाले, "एकदम शेतकऱ्याची गोष्ट घेतली तुम्ही."

रात्री मी चिप तपासली. जीवाच्या जागी एफएफ होतं. एफएफ म्हणजे कोरं, म्हणजे तिथं लिहिलंच गेलं नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा एफएफ. तिसऱ्यांदा लिहिलं. रात्री अडीच वाजता, आई लघवीला उठली तेव्हा, मला उमगलं की २५५ लाच एफएफ म्हणतात. लिहिलं गेलं होतं. गेम मात्र भाऊ मेला की त्यातून एक वजा करतो आणि उत्तर उणे आहे का ते पाहतो. १२७ च्या वरचे आकडे त्याच्या लेखी उणे. २५५ म्हणजे उणे एक. आणि पडद्यावर दाखवताना तो त्यात एक मिळवतो, म्हणून शून्य. मी सगळ्या भावकीसमोर भाऊला उणे एक जीव देऊन रोह्यापुढे उभं केलं होतं. लेखा विभागात माझी १८ वर्षं झाली.

एक बरं होतं. कोऱ्यावर काहीही लिहिता येतं. चिप न पुसता मी त्या जागी ८ लिहिले आणि नऊ जीव झाले. सकाळी भाच्यानं ते खेळून पाहिले. आभाळातली पऱ्हाटी त्याला आता आवडायला लागली होती. दुपारी जेवायला हाक मारली तर तो उठेना. "मामा, थांबा ना, गाविलगड येऊन रायला." मी ताट त्याच्यापुढे नेऊन ठेवलं आणि त्याच्या पाठीमागे बसून राहिलो.

निघताना खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली. मोठ्या चिपेवर एक, छोटीवर एक. या वेळी विसरलो नाही. कॅसेट टीव्हीवर ठेवली आणि आईला बजावलं, हिला जप.

पुढच्या एप्रिलमध्ये गेलो. गच्चीवर वाळवण सुरू झालं होतं. टीव्हीवर कॅसेट दिसली नाही.

"वर हाय," आई म्हणाली. "तुह्या त्या झुरळाले हिवाळ्यात ओल लागली होती. वरची काळी पट्टी चिकट चिकट झाली होती, धूळ बसून रायली होती तिच्यावर. मंग काढली, खोबरेल लावून काच साफ पुसली आन् उनात टाकलं. हप्ता झाला. मांगच्या टायमाले तूच सांगतलं होतं ना, आठ दिवस पायजे मनून."

धोतराच्या कोपऱ्यात, धापोड्यांच्या शेजारी, दोन्ही काचा लख्ख चमकत होत्या. मी लॅपटॉप गच्चीवरच उघडला. एफएफ, एफएफ, एफएफ. ३२ हजार ७६८ घरं मोठ्या चिपेत, ८ हजार १९२ छोटीत, एकाही घरात कण शिल्लक नव्हता. पोळ्यांच्या डब्यातसुद्धा इतकं स्वच्छ पुसलं गेलं नव्हतं.

आई काठी टेकवत मागे येऊन उभी राहिली. तिनं एक धापोडा मोडून पाहिला, कट्‌कन आवाज झाला.

"वाळलं ना रे चांगलं?"

"हो आई," मी म्हणालो. "एकदम ओरिजनल."